उलट्या तोंडाने बसलेला मुलगा

२०२४ सालच्या दिवाळीची गोष्ट. नरक चतुर्दशीची पहाट होती. भोकरला आमच्या घरी या पहाटेचा कायदा फार कडक आहे. सूर्योदयापूर्वी ज्याचे अभ्यंगस्नान झाले नाही तो मेल्यावर नरकात जातो की नाही, ते यमराज जाणे. पण जिवंतपणी तो आमच्या सौभाग्यवतीच्या तावडीत सापडतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. त्या दिवशीही पाचलाच बंब पेटला होता, पाटाभोवती रांगोळी निघाली होती, आणि धाकटी बहीण, मेहुणे व मुलेबाळे मिळून घरात दहा माणसे असल्यामुळे अंगाला तेल लावून सगळे ओळीने बसले होते. ओळीत एक आसामी कमी भरली. माझा भाचा.

शोधत शोधत मी माळवदावर गेलो, तर काय पाहावे! कमरेला पंचा, अंगाला चोपडलेले तेल, डाव्या हातात परातीएवढा चामड्याचा पंजा, आणि कठड्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलसमोर चिरंजीव उकिडवे बसलेले! मोबाईलच्या पडद्यावर, लख्ख दिव्यांच्या उजेडात, एक गोरा माणूस अगदी तसाच उकिडवा बसला होता. फरक एवढाच, की त्याच्या तोंडावर पिंजरा होता आणि याच्या तोंडावर उटणे.

"काय करायलास रे?"

"मामा, फायनलची पाचवी मॅच हाय. न्यूयॉर्कात आता रात हाय. आपले चार रनांनी मागं हायत."

'आपले' म्हणजे लॉस एंजेलिसचे डॉजर्स. भोकर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोराला लॉस एंजेलिसमध्ये 'आपले' कोण सापडले, ते मला त्या क्षणी कळले नाही. कळले ते एवढेच, की तो नुसता सामना पाहत नव्हता. पडद्यावरच्या माणसाचा हात वीतभर डावीकडे गेला, की याचाही हात वीतभर जाई. तो गुडघा टेकी, की हाही टेकी. पोर अभ्यास करत होते. गणिताचा शिक्षक म्हणून मी तेहतीस वर्षे मुलांना अभ्यास करताना पाहिले आहे. पण इतक्या मन लावून अभ्यास करणारी मुले मला हाताच्या बोटांवर मोजता येतील.

फराळाला बसलो तेव्हा तो मोबाईल दिवाणावर उशीला टेकून उभा होता. डॉजर्स पाच धावांनी मागे पडलेले. आणि मग पाचव्या डावात न्यूयॉर्कच्या यांकीज मंडळींच्या हातून एकामागून एक चुका झाल्या. एक सोपा झेल सुटला, एक फेक चुकली, एकदा चेंडू फेकणारा गडी पहिल्या बेसवर धावायचे विसरला. पाचाच्या पाच धावा फिटल्या! साडेनऊच्या सुमारास डॉजर्सनी ७–६ असा तो सामना आणि त्याबरोबर अजिंक्यपद जिंकले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने, चेंडू कुठून निघाला आणि कुठे गेला हे शेवटपर्यंत न कळूनही, भाच्याच्या ताटात आनंदाने एक करंजी जास्तीची वाढली.

तेवढ्यात मेहुणे बोलले. मेहुणे बोलतात कमी. त्यांची चार एकर कोरडवाहू जमीन. निम्म्यात कापूस, निम्म्यात सोयाबीन. त्या वर्षी सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावे लागत होते.

"हे बघून तलाठ्याच्या परीक्षेत किती मार्क पडतेत?"

भाच्याने ताट खाली ठेवले. "बाबा, औंदा मी फॉर्म भरणार नाही. मला दोन वर्सं द्या. मी खेळतो."

वाचकहो, दिवाळीच्या फराळाच्या वेळी घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेर कुणाची तरी फटाक्यांची माळ लागली, ती संपली, तरी कुणी बोलले नाही.

दुपारी बहीण माझ्या खोलीत आली. भाचा पाचवीपासून भोकरला माझ्याच घरी राहून शिकला. शाळेत सॉफ्टबॉल खेळू लागला तो माझ्याच डोळ्यांदेखत, आणि नांदेडला कॉलेजात जाऊन बेसबॉलच्या संघात गेला तोही मीच भरलेल्या फीवर. तेव्हा बहिणीच्या नजरेत थोडासा आरोपी मीही होतो.

"दादा, तू हजार पोरं शिकवलीस. तुझं तो ऐकतो. समजावून सांग त्याला."

मी 'बरं' म्हटले. पण ज्या गोष्टीला नाही म्हणायचे ती आधी नीट समजून घ्यावी, हा गणिताच्या शिक्षकाचा धर्म आहे. उत्तर चूक आहे असे सांगण्यापूर्वी मुलाची रीत तपासावी लागते. त्याच संध्याकाळी मी भाच्याला बोलावले आणि म्हणालो, "मला क्रिकेट कळतं. तुझा हा खेळ मला काही कळत नाही. शिकव."

त्याने अंगणात पाट ठेवला. म्हणाला, "ही होमप्लेट समजा." खरी होमप्लेट सतरा इंच रुंद असते, आमचा पाट बोट-दोन बोटे जास्त भरला. तिच्यापासून साडेसाठ फुटांवर, म्हणजे आमच्या अंगणातून थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यात, उंचवट्यावर पिचर उभा. तो सगळी ताकद लावून चेंडू फेकणार. चेंडूचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम; म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूहून किंचित हलका. वरच्या दर्जाचा पिचर तो ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने फेकतो, आणि वाटेत टप्पा पडत नाही. बॅटर बाजूला उभा. आणि त्याच्या मागे, जमिनीशी उकिडवा बसलेला, तो कॅचर.

"मामा, मैदानात आपले नऊ गडी असतेत. आठांचं तोंड होमप्लेटकडं. एकट्या कॅचरचं तोंड उलटं, मैदानाकडं. सगळं मैदान त्या एकट्यालाच दिसतंय."

हे वाक्य मला एकदम आवडले. आपल्या क्रिकेटातल्या यष्टिरक्षकाचा हा चुलतभाऊ. पण याच्या अंगावर कामे फार. शे-सव्वाशे वेळा उठबस तर प्रत्येक सामन्याला ठरलेलीच. पुढचा चेंडू कसा टाकायचा, सरळ वेगाचा की वळणारा, आत की बाहेर, हे पिचरला कॅचर सुचवतो. पूर्वी मांड्यांच्या मध्ये बोटे नाचवून खुणा करीत. २०२२ पासून अमेरिकेतल्या बड्या सामन्यांत मनगटावरची बटणे दाबूनही सांगतात. समोरच्या संघाचा गडी पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसकडे चोरून पळाला, तर कॅचरने बसल्या जागेवरून उसळून चेंडू थेट दुसऱ्या बेसवर फेकायचा. अंतर जवळजवळ ३९ मीटर. चेंडू हातात आल्यापासून तिकडे पोचेपर्यंत दोन सेकंद लागले तर ठीक. दोनाच्या आत आला तर शाबास.

अंगावर मुखवटा, छातीवर गादी, नडग्यांवर ढाली. या सरंजामाला अमेरिकेत गमतीने 'अडाण्याची हत्यारे' म्हणतात. शहाणा माणूस ही अंगावर चढवून असल्या जागी कशाला बसेल, असा त्यातला भाव. हे नाव पाडण्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो मडी रूएल स्वतः कॅचर होता, आणि शिवाय सनदी वकील होता! म्हणजे अडाणी कोण, हे आपण ठरवावे.

"आणि सगळ्यांत अवघड काय रे?" मी विचारले.

"चेंडू हातात बसला की हात हलू द्यायचा नाही. भोकरासारखा चिकटला पाहिजे."

आमच्या गावाच्या नावाचे झाड ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल. भोकराचे फळ फोडले की आतला गर असा चिकट, की लहानपणी आम्ही त्यानेच पतंग चिकटवीत असू. कच्च्या भोकरांचे लोणचे घालायचे तर आधी हाताला मीठ चोळून तो चीक सोडवावा लागतो. वेगाने आलेला चेंडू हातात तसा निश्चल थांबला, तरच पंचाला तो नीट दिसतो. हात झोकांडला, की चांगला चेंडूही वाईट ठरतो.

आता प्रश्न असा, की असले काम शिकलेला मुलगा पुढे जातो कुठे? भाऊबीजेला तीन दिवस होते. ते तीन दिवस मी आणि भाचा मोबाईल आणि वही घेऊन बसलो. अमेरिकेत कॉलेजातून वर जाण्याचा रस्ता मला जसा उमगला तसा सांगतो. हिंदी सिनेमात एका गाण्यात माणूस मोठा होतो. तिथे तसे होत नाही.

तिथे थोरली लीग एक, तिचे संघ तीस. प्रत्येक थोरल्या संघाच्या पोटात धाकटे संघ. २०२१ पासून असे बांधलेले धाकटे संघ १२० आहेत. त्यापूर्वी १६० होते. या धाकट्या संघांचा एक जिनाच आहे. तळाला नवशिक्यांचे संघ, मग 'ए'च्या दोन पायऱ्या, मग 'डबल ए', मग 'ट्रिपल ए', आणि त्यावर थोरली लीग. दर वर्षी मुलांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. आता तो जुलैत होतो. तीस संघ पाळीपाळीने एकेक मुलगा मागतात. अशा वीस फेऱ्या. शाळा संपल्यावर मुलगा त्यात जाऊ शकतो. पण चार वर्षांच्या कॉलेजात एकदा नाव घातले, की तीन वर्षे पुरी होईपर्यंत किंवा वयाची एकवीस भरेपर्यंत थांबावे लागते. शिक्षण अर्ध्यावर तुटू नये, निदान थोडे तरी पदरात पडावे, अशी ही सोय आहे. मेहुण्यांना हा नियम मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवला.

कॉलेजातला नामांकित कॅचर धाकट्या लीगमध्ये गेला, की पहिल्याच महिन्यात त्याचे डोळे उघडतात. कॉलेजात बॅट धातूची असते, इथे लाकडाची. धातूच्या बॅटने जो फटका दूर गेला असता, तोच लाकडाच्या बॅटने निमूटपणे झेल होऊन हातात येतो. कॉलेजात पुष्कळदा कोणता चेंडू टाकायचा ते बाहेर बसलेला प्रशिक्षक कळवतो. इथे ते डोके कॅचरने स्वतः चालवायचे. संघातले अर्धे पिचर कदाचित स्पॅनिश बोलणारे. त्यांच्याशी बोलता आले पाहिजे. कॉलेजात आठवड्याला चार-पाच सामने, इथे आठवड्याला सहा. आणि गाव बदलायचे ते रात्रीच्या बसने. म्हणूनच असे म्हणतात, की कॅचर उशिरा पिकतो. फळ जाड सालीचे असते.

आणि पगार? इथे मात्र मला धक्का बसला. थोरल्या लीगमधले कोट्यधीश आपण ऐकून असतो. पण २०२२ पर्यंत 'ए' पायरीवरच्या मुलाला सबंध वर्षाचे अकरा हजार डॉलर मिळत, आणि सगळ्यांत खालच्याला तर ४८०० च. चार-चार, पाच-पाच मुले एका खोलीत राहत, हवेच्या गाद्यांवर झोपत, आणि हंगाम संपला की मिळेल ते काम करीत. अखेर खेळाडूंनी कोर्टात दाद मागितली. २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षापासून संघांनी मुलांच्या राहण्याची सोय करावी असे ठरले, मुले संघटनेत गेली, आणि २०२३ च्या करारात तळाचा पगार १९,८०० आणि 'ट्रिपल ए'चा ३५,८०० डॉलर झाला. अमेरिकेच्या मानाने हा पगार अजूनही कारकुनाचाच. पण पोटाला पुरेसा.

हे वाचून मेहुणे प्रथमच हसले. "म्हंजे तितंबी तलाठीच बरा म्हणायचा!"

मग भाच्याने आपली माणसे पुढे मांडली. पहिला, त्या पहाटेचा पिंजरेवाला, विल स्मिथ. सिनेमातला नट नव्हे, कॅचर. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा. आपल्याच गावच्या विद्यापीठात खेळला, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत डॉजर्सनी त्याला बत्तिसावा उचलला, आणि तीन वर्षे धाकट्या संघांच्या पायऱ्या चढून मे २०१९ मध्ये तो थोरल्या संघात उतरला. हा झाला हुशार मुलाचा सरळ रस्ता.

दुसरा माइक पियाझा. हा मला फार जवळचा वाटला, कारण यात वशिला आहे. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये याचे नाव पुकारले गेले ते ६२ व्या फेरीत, १३९० वे! तेही डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा हे त्याच्या वडिलांचे मित्र, म्हणून केवळ शब्दाखातर. दुसऱ्याच जागी खेळणाऱ्या या मुलाला 'कॅचर हो, तरच जमेल' असे सांगण्यात आले. तो झाला. त्यासाठी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या डॉजर्सच्या शिबिरात, जिथे कोणाला त्याची भाषा येत नव्हती, तिथे जाऊन राहिला. २०१६ मध्ये बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याचे नाव लागले. वशिल्याने दार उघडते, वाचकहो. पण आत जाऊन बसायचे उकिडवेच.

तिसरा मात्र माझा. त्याला मीच शोधून काढला. स्टीफन व्होट. कॅलिफोर्नियातल्या अझुसा पॅसिफिक नावाच्या लहानशा विद्यापीठाचा. २००७ मध्ये बाराव्या फेरीत टँपा बेच्या संघाने घेतला. पुढे पाच वर्षे धाकट्या संघांत. कधी माँटगोमेरी, कधी डरहॅम. एप्रिल २०१२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, थोरल्या संघात पाऊल पडले. आणि काय व्हावे? पहिल्या बत्तीस खेपांत एकही यशस्वी फटका नाही. बत्तीस वेळा बॅट घेऊन गेला आणि बत्तीस वेळा हात हलवीत परत आला. टँपाने सोडले, ओकलंडने घेतले. २८ जून २०१३ रोजी पहिला फटका लागला, तो थेट मैदानाबाहेर. पुढे २०१५ आणि २०१६ मध्ये निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यात तो खेळला. २०२२ मध्ये निवृत्त होताना शेवटच्या सामन्यात त्याचे नाव त्याच्या मुलांनीच ध्वनिक्षेपकावरून पुकारले, आणि त्या दिवशीच्या शेवटच्या खेपेलाही चेंडू त्याने मैदानाबाहेर मारला. आयुष्यातला पहिला फटका आणि शेवटचा, दोन्ही तसेच. २०२४ पासून तो क्लीव्हलंडच्या थोरल्या संघाचा व्यवस्थापक आहे.

हे वाचताना मला आणखी एक गोष्ट दिसली. थोरल्या संघांच्या व्यवस्थापकांत जुने कॅचर फार. जो टोरी, माइक सोशिया, ब्रूस बोची, जो जिरार्डी, ए. जे. हिंच, केविन कॅश. ज्याने दहा-पंधरा वर्षे सगळ्या मैदानाकडे तोंड करून बसायचे, त्याला खेळ दुसऱ्याला शिकवता येतो. गुडघे जातात, नजर राहते.

"मामा, पण हे सगळं तिकडचं," भाचा हळूच म्हणाला. एवढे तोच म्हणाला, हे बरे झाले. ते मला म्हणावे लागले असते.

आपल्याकडच्या मुलांपैकी या जिन्यावर पाय ठेवणारी दोघे सर्वांना ठाऊक आहेत: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातले, भालाफेक करणारे. २००८ मध्ये एका अमेरिकन माणसाने आपल्या देशात चेंडू फेकण्याची स्पर्धा भरवली. त्यातून हे दोघे निघाले, अमेरिकेत शिकले, आणि पिट्सबर्गच्या पायरेट्सनी त्यांना करारावर घेतले. २००९ मध्ये ते धाकट्या लीगमध्ये खेळले. दिनेश २०१० च्या अखेरीस परतला; रिंकू बरीच वर्षे टिकला आणि मग कुस्तीच्या रंगमंचावर गेला. थोरल्या लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. त्यांच्यावर २०१४ मध्ये चित्रपट निघाला. पण ते होते पिचर. फेकण्याचा हात वर्षभरात घडवता येतो. कॅचरचे डोके वर्षभरात घडत नाही.

आणि आमच्याकडचा जिना? वहीच्या उजव्या पानावर तो मी काढला. शाळेत असताना तालुका, जिल्हा, लातूर विभाग, राज्य. कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन सामने, मग नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा. बाहेरून राज्याचा संघ, राष्ट्रीय स्पर्धा, आणि फारच झाले तर भारताचा संघ. त्यापुढे जिन्याला पायरी नाही, गच्चीही नाही. नुसती हवा. दर महिन्याला पगार देईल अशी लीग आपल्या देशात नाही. दुबईत एक नवी लीग निघाली, तीत मुंबईचे नाव लावलेला एक संघ आहे. पण नाव मुंबईचे आणि मैदान दुबईचे. बाकी उरते ते शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी राखलेल्या पाच टक्के जागा, किंवा बी.पी.एड. होऊन शाळेत क्रीडाशिक्षक. म्हणजे फिरून मेहुण्यांचाच मुद्दा.

हिशेब स्पष्ट होता. माझ्या हातात खडू असता, तर मी फळ्यावर उत्तराखाली दोन रेघा मारल्या असत्या. पण भाऊबीजेच्या आदल्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. ती का वाकडी, हे घरात सर्वांना पाठ आहे. मी ते चाळीस वर्षे सांगत आलो.

१९८३ साली कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मी नांदेडला कॉलेजात होतो. गावभर कपिलचे नाव. माझ्या तोंडी मात्र सय्यद किरमाणीचे. त्या स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट यष्टिरक्षक तो ठरला होता. मीही कॉलेजचा यष्टिरक्षक. पुढच्या वर्षी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाच्या संघाच्या चाचणीला मला बोलावणे आले. मी गेलो नाही. 'कापूस वेचणीला आला होता, वडिलांनी जाऊ दिले नाही,' असे मी सांगतो. बायकोला तेच सांगितले, मुलांना तेच, भाच्यालाही तेच.

ते खरे नाही. वडिलांनी भाड्याचे पैसे काढून माझ्या खिशात ठेवले होते. भोकर स्टेशनावर मीटरगेजची गाडी आली, उभी राहिली आणि गेली. मी बाकावर बसून राहिलो. औरंगाबादची मुले माझ्यापेक्षा चांगली निघतील आणि मी परत पाठवला जाईन, या भीतीने मी चढलोच नाही. मी नापास झालो असे नव्हे. मी परीक्षेलाच बसलो नाही. आणि ती करंगळी नंतर बैलगाडीच्या जूखाली सापडून वाकडी झाली. चेंडूने नव्हे.

भाऊबीजेला ओवाळणे झाले. बहिणीच्या ताटात मी पाकीट ठेवले, आणि सर्वांसमक्ष हे जसेच्या तसे सांगून टाकले. सौभाग्यवती बघतच राहिली. मेहुणे माझ्या करंगळीकडे पाहत होते. मग मी म्हणालो, "पाहुणे, पोरगं वर पोचेल असं मी म्हणत नाही. बहुतेक नाही पोचणार. तिकडे इतका मोठा जिना असून बहुतेकजण मधल्याच पायरीवरून खाली येतात. पण गाडीत चढून परत आलेला माणूस वेगळा, आणि बाकावर बसून राहिलेला वेगळा. मी बाकावरचा आहे, म्हणून सांगतो."

मेहुणे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुदत?"

मुदत हा शब्द शेतकऱ्याचा. कर्जालाही असते, पिकालाही असते. आम्ही वही काढली. दोन वर्षे. भाचा खेळेल; पण सकाळचे तीन तास अभ्यासाचे, आणि बी.पी.एड.ची प्रवेशपरीक्षा द्यायचीच. तलाठ्याचा फॉर्म निघाला तर तोही भरायचा. पास-नापास पुढचे पुढे. गुडघे दुखले तर लपवायचे नाहीत. नवा पंजा मामा घेऊन देईल. आणि दोन वर्षांनी भाऊबीजेला वही उघडून हिशेब होईल, तेव्हा कोणी रडायचे नाही. खाली भाच्याने सही केली, मेहुण्यांनी केली, बहिणीने केली.

पुढचे थोडक्यात सांगतो. भाचा विद्यापीठाच्या संघात खेळला. राज्याच्या निवडचाचणीला पहिल्या वर्षी गेला आणि परत आला. गाडीत चढला, पाठवला गेला, परत आला. स्टेशनावर मी घ्यायला गेलो होतो. चेहरा पडलेला होता, पण उतरता उतरता म्हणाला, "मामा, तितला कॅचर माझ्यापेक्षा चांगलाच हाय. फेकताना त्याचा पाय कसा पडतोय ते बघून आलो." मी पिशवी घेतली आणि काही बोललो नाही. काय बोलणार? मला जे चाळीस वर्षांत जमले नाही, ते त्याला एका प्रवासात जमले होते.

बी.पी.एड.ला त्याला प्रवेश मिळाला. सुटीला भोकरला आला, की शाळेमागच्या मैदानावर वीस-पंचवीस पोरापोरींना घेऊन बसतो. शब्दशः बसतो, उकिडवा. एका संध्याकाळी मी त्याच्या पाठीमागे, पंच उभा राहतो तिथे, जाऊन उभा राहिलो. समोर उन्हे कलली होती, आणि मैदानभर पसरलेली ती सगळी लेकरे एकाच माणसाकडे तोंड करून, तो आता काय सांगतो याची वाट पाहत होती.

२०२५ ची दिवाळी उलटून गेल्यावर, २ नोव्हेंबरच्या सकाळी, डॉजर्स पुन्हा अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात होते. या खेपेला टोरँटोशी. बरोबरी झाली, जादा डाव सुरू झाले. अकराव्या डावात त्याच विल स्मिथने चेंडू मैदानाबाहेर मारला आणि डॉजर्स ५–४ ने जिंकले. त्या सबंध अंतिम मालिकेतले ७३ डाव तो एकटा होमप्लेटमागे उकिडवा बसला होता. इतके डाव एका मालिकेत कोणताही कॅचर पूर्वी बसला नव्हता.

दहाच्या सुमारास फोन वाजला. मेहुणे होते, शेतातून. कापसाच्या वेचणीचे दिवस. मागे बायांचा आवाज ऐकू येत होता.

"दादा," ते म्हणाले, "तो पिंजरेवाला जिंकला का?"

या भाऊबीजेला मुदत पुरी होते. वही माझ्या कपाटात आहे. काय ठरेल ते मला ठाऊक नाही. हिशेब मेहुणे मांडतील, आणि तो चोख असेल. मी मात्र वहीबरोबर त्या दिवशी एक जुनी गोष्टही मिटवून टाकणार आहे. करंगळी कशी वाकडी झाली असे आता कोणी विचारले, तर मी बैलगाडीचे नाव सांगतो.